एका गल्लीत एकच धंदा का? काळबादेवीतून कारखाना हलवण्याचा हिशेब

घडणावळ (धागाकर्ता)

जुन्या गावांत सराफ कट्टा, कासार आळी, तांबट आळी, बुरूड आळी असायची. मुंबईत त्याच चालीवर लोहार चाळीत विजेचं सामान, नागदेवीला बेअरिंग आणि हत्यारं, लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्स, तांबाकाट्याला तांबं-पितळ आणि झवेरी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत सोन्याचे कारखाने. भाडं चढं, जिने अरुंद, पार्किंगच्या नावाने शंख. तरी सगळे मांडीला मांडी लावून का बसतात, याची नेहमी दोन उत्तरं मिळतात: ‘परंपरा’ आणि ‘गिऱ्हाईक तिथेच येतं’. दुसरं अर्धं खरं आहे. पहिल्यातून काहीच कळत नाही.

म्हणून प्रश्न नेमका करू. सहा कारागिरांचा सोन्याचा कारखाना काळबादेवीतून नवी मुंबईतल्या महापेला नेला तर काय बिघडेल? महापेला दागिन्यांच्या उद्योगासाठी वेगळं संकुल उभं राहतंय, तेव्हा प्रश्न हवेतला नाही.

माझं म्हणणं असं: काळबादेवीत ‘कारखाना’ म्हणून जी खोली दिसते तो कारखाना नव्हेच. गल्ली हा कारखाना आहे आणि खोल्या म्हणजे त्याची खाती. २२ कॅरेटच्या अंगठ्यांचा एक लॉट कुठून कुठे फिरतो ते बघा.

पहिली आटणी. ९९९ च्या (हजारात ९९९ भाग शुद्ध) १०० ग्रॅम सोन्यात ९ ग्रॅम तांबं-चांदीचं मिश्रण घातलं की कस ९१६.५ येतो. काटेकोर हिशेबाने ९.०६ ग्रॅम चालतं, पण एवढं ताणायला कुणी जात नाही. हॉलमार्कच्या तपासणीत नमुना ९१६ च्या खाली गेला तर अख्खा लॉट परत येतो. मुशीत सवागी (टाकणखार) टाकून आटवायचं, ढवळायचं, ओतायचं.

मग डिझाइन. संगणकावर आखणी एका खोलीत, त्याचा प्रिंट दुसरीकडे, रबराचा साचा तिसरीकडे. साच्यात मेण भरून अंगठ्या काढायच्या आणि मेणाच्याच खोडावर चिकटवून झाड करायचं. झाड २२ ग्रॅम भरलं तर २२ कॅरेटचं सोनं त्याच्या सुमारे १८ पट, म्हणजे ४०० ग्रॅमच्या आसपास लागतं. त्यातलं खोड आणि बटण (ओतायच्या तोंडाशी उरलेला गोळा) मिळून निम्मं परत येतं.

झाड फ्लास्कमध्ये (धातूच्या नळकांड्यात) ठेवून वर प्लास्टर ओतायचं. १०० ग्रॅम पावडरला ४० मिली पाणी. कालवणं, व्हॅक्यूमने हवा काढणं, ओतणं सगळं ८-९ मिनिटांत उरकलं पाहिजे, नाहीतर घट्ट होऊ लागतं आणि बुडबुडे अडकतात. दोन तास निवांत ठेवून मग भट्टीत १० ते १२ तास, हळूहळू ७३० अंशांपर्यंत. मेण जळून जातं, पोकळी उरते. नंतर तापमान उतरवून ६०० च्या आसपास स्थिर करायचं आणि सोनं ओतायचं.

पुढे कापणी, कानस, जडाई, पॉलिश, गरज असेल तिथे रोडियमचा मुलामा, शेवटी हॉलमार्क केंद्र. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळखक्रमांक) दागिना विकता येत नाही, त्यामुळे या शेवटच्या खोलीला फाटा नाही.

मोजा, किती खोल्या झाल्या. यातल्या बहुतेकांचं यंत्र इतकं मोठं आहे की सहा कारागिरांचं काम त्याला तासाभरात संपतं. कास्टिंगची भट्टी १२ फ्लास्कची असेल तर एका रात्रीत ४ किलो ८०० ग्रॅम ओतता येतं. दिवसाला १०० ग्रॅम तयार माल काढणाऱ्या कारखान्याला खोडाबटणासकट २०० ग्रॅम, म्हणजे अर्धा फ्लास्क लागतो. ती भट्टी भरायला असे २४ कारखाने हवेत, आणि तेही चालत जाण्याच्या अंतरावर.

---

पागडी

धागा आवडला. पण १२ ऐवजी ४ फ्लास्कची छोटी भट्टी घ्यावी की. बाजारात मिळते. महापेला जाऊन सगळं आपल्याच छताखाली करायला काय हरकत आहे?

---

घडणावळ

@पागडी, भट्टी छोटी मिळते, माणूस छोटा मिळत नाही. रात्रभर तापमानावर लक्ष ठेवणारा कास्टर तेवढाच पगार घेणार, मग भट्टीत १२ फ्लास्क असोत की १. हेच प्लेटिंगला, लेसरला, साच्याला.

दुसरी गोष्ट पैशाहून वेगळी आहे. भट्टी ७५० अंशांच्या पुढे गेली तर प्लास्टरमधला जिप्सम फुटतो, गंधकाचा वायू सुटतो आणि सोन्याच्या अंगात सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. ती ओतल्यावर दिसत नाहीत. कानशीखालीही बऱ्याचदा दिसत नाहीत. पॉलिशच्या चाकावर वरची त्वचा गेली की उघडी पडतात. म्हणजे चूक एका खोलीत होते आणि कळते तीन खोल्या पुढे. पॉलिशवाला अंगठी घेऊन दोन जिने उतरून कास्टिंगवाल्याच्या पुढ्यात टाकतो, ‘कालची भट्टी बघ’. आज रात्रीची भट्टी सुधारते. हाच निरोप ठाण्यापलीकडून चार दिवसांनी आला तर दरम्यान चार रात्रींचं कास्टिंग त्याच चुकीचं झालेलं असतं.

---

सव्वाशेर

भाड्याची बाजू कागदावर मांडून बघू. सोन्याचा दर १० ग्रॅमला १ लाख धरतो, हिशेबाला सोपा म्हणून.

कारखाना रोज १०० ग्रॅम माल काढतो. गल्लीत लॉट फिरून यायला ५ दिवस लागतात. म्हणजे कुठल्याही क्षणी ५०० ग्रॅम सोनं वाटेवर अडकलेलं आहे: काही मेणाची वाट बघतंय, काही जडाईवाल्याच्या टेबलावर, काही हॉलमार्कला. बाहेर गेल्यावर प्रत्येक खात्याला माल पोचवणं-आणणं एकेका फेरीत बांधावं लागतं आणि ५ चे ८ दिवस होतात. अडकलेलं सोनं ८०० ग्रॅम. वाढलेल्या ३०० ग्रॅमची किंमत ३० लाख, वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज ३ लाख ६० हजार, महिन्याला ३० हजार.

यात वाटेतला विमा, गाडी आणि सोबत जाणारी दोन माणसं धरलेली नाहीत. भाड्यात या सगळ्यापेक्षा जास्त वाचलं तरच हलण्यात अर्थ.

सोन्याचा दर चढला की गल्ली सोडणं आणखी महाग होतं, हे गमतीचं आहे. दर दुप्पट झाला की व्याजही दुप्पट. भाडं तेवढ्या वेगाने वाढत नाही.

---

अर्थहीन

घडणावळ यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात, त्या सोडवतो.

दुकानांची गल्ली आणि कारखान्यांची गल्ली यांची कारणं निराळी. दुकानं जवळ येतात ती गिऱ्हाइकाच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून. चार ठिकाणी भाव विचारता येतो हे माहीत असल्यावर माणूस डोंबिवलीहून येतो, नाहीतर नाक्यावरच घेतो. एकट्या दुकानदाराला वाटतं शेजारी प्रतिस्पर्धी नको, पण प्रतिस्पर्धी नसता तर गिऱ्हाईकच आलं नसतं. हॅरॉल्ड हॉटेलिंगने १९२९ मध्ये आणखी एक बाजू मांडली: दोन विक्रेते एकमेकांचं गिऱ्हाईक ओढण्याच्या नादात सरकत सरकत मधोमध येऊन चिकटतात.

कारखान्यांबद्दल आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये तीन कारणं दिली. एक, कसबी माणसांचा साठा: कारागिराला मालक सोडून जाता येतं आणि मालकाला दुसऱ्या दिवशी कारागीर मिळतो. दोन, पूरक धंदे: एकट्याला न परवडणारं यंत्र शंभर जणांना परवडतं. तीन, धंद्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, हवेतच असतात. २४ कारखान्यांचा हिशेब दुसऱ्या कारणाचा आणि पॉलिशवाल्याचे दोन जिने तिसऱ्याचे. पहिल्याबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही.

---

सहादोनशून्यचार

अर्थहीन यांच्या दुकानांच्या मुद्द्याला पुरवणी, नागदेवीच्या अनुभवी डोळ्यांनी.

गल्लीतल्या दुकानांचा साठा सामाईक असल्यासारखा वापरला जातो. बेअरिंग ६२०४ (आतला व्यास २०, बाहेरचा ४७, जाडी १४ मिलिमीटर) प्रत्येकाकडे असतं. पण त्याचं दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं, जास्त मोकळीकीचं (गोळ्या आणि कड्यांमधली फट जास्त असलेलं, म्हणजे सी३) रूप सगळ्यांकडे नसतं. गिऱ्हाइकाने विचारलं की दुकानदार ‘नाही’ म्हणत नाही. पोरगा पळतो, तीन दुकानांपलीकडून आणतो, चिठ्ठीवर उधार, संध्याकाळी मिटवामिटव. त्यामुळे २०० चौरस फुटांचं दुकान स्वतःच्या साठ्याच्या कितीतरी पट माल विकू शकतं.

हीच सोय नवख्याला मारते. मोकळीकीचा आकडा न सांगता ‘६२०४ द्या’ म्हटलं की जे हाताशी येईल ते मिळतं. तापणाऱ्या मोटरीत साध्या मोकळीकीचं बसवलं तर आतली कडी फुगून बेअरिंग जाम होतं. सी३ हवं असेल तर सी३ म्हणूनच मागा, आणि खोक्यावरचं नाही, कडीवर कोरलेलं वाचा.

---

तेरा नंबर

सोन्याचं झालं, आता भंगाराचं बघा. धारावीतलं तेरा कंपाउंड हे जास्त चांगलं उदाहरण आहे असं मला वाटतं. तिथे मालाची किंमत इतकी कमी आहे की सव्वाशेर यांचा व्याजाचा मुद्दा लागूच होत नाही, तरी सगळे चिकटून बसलेत.

कारण मिश्रण. कचऱ्यातून आलेल्या एका पोत्यात आठ-दहा जातींचं प्लास्टिक असतं. दाणा (वितळवून पुन्हा वापरायचं दाणेदार प्लास्टिक) करायचा तर एका वेळी एकच जात चालते. म्हणून काम असं चालतं:

आधी हाताने निवड, वस्तू बघून. पाण्याची बाटली म्हणजे पीईटी, तिचं झाकण पीपी (पॉलिप्रोपिलीन) किंवा एचडी (जास्त घनतेचं पॉलिथिन). दुधाची पिशवी एलडी (कमी घनतेचं पॉलिथिन). बादली, मग, खुर्ची बहुतेक पीपी. टीव्हीचा मागचा भाग एबीएस किंवा पॉलिस्टायरीन. मग रंग. पांढरा आणि पारदर्शक वेगळा, कारण त्याला कुठलाही रंग देता येतो. काळा सगळ्यात स्वस्त.

शंका असेल तिथे पाणी. एलडी, एचडी, पीपी यांची घनता १ पेक्षा कमी, ती तरंगतात. पीईटी (१.३८) आणि पीव्हीसी (१.३ ते १.४५) बुडतात. एबीएस आणि पॉलिस्टायरीन (दोन्ही १.०५ च्या आसपास) साध्या पाण्यात बुडतात, पण ८५ लिटर पाण्यात १५ किलो मीठ विरघळवलं की पाण्याची घनता १.११ होते आणि तीही वर येतात. पीव्हीसी तळाशीच राहतं. एबीएस आणि पॉलिस्टायरीन एकमेकांपासून मात्र मिठाने वेगळी होत नाहीत. तिथे जुने लोक कड जाळून वास घेतात. धूर वाईट असतो, रोज करण्याची गोष्ट नव्हे.

नंतर क्रशर, धुणं, वाळवणं, एक्सट्रूडर, शेवया पाण्यात थंड करून कापणं: दाणा तयार. एलडीला १६० ते १८० अंश, पीपीला २०० ते २३०.

चुका कुठे होतात? पीईटीमध्ये पीव्हीसीचे तुकडे गेले तर सगळ्यात वाईट. पीईटी वितळायला २५० च्या वर जावं लागतं, पीव्हीसी त्याच्या आधीच जळू लागतं, आम्लाचा वायू सोडतं, दाण्यात काळे ठिपके येतात आणि स्क्रू गंजतो. माल ओला राहिला तर वाफ कोंडून दाणा पोकळ निघतो. पावसाळ्यात पत्र्यावरचं वाळवण बंद पडतं तेव्हा ही तक्रार हमखास वाढते. ज्याच्याकडे पाणी झटकणारं फिरतं ड्रम आहे त्याच्याकडे मग शेजाऱ्यांची रांग.

आता चिकटून बसण्याचं कारण. पीपीवाल्याच्या पोत्यात २० किलो एबीएस निघालं तर त्याच्या दृष्टीने तो केर. स्वतः दाणा करायला गेला तर यंत्रातून आधीची जात पूर्ण निघेपर्यंत काही किलो मिश्र माल फुकट जातो, म्हणजे २० किलोसाठी यंत्र बदलणं तोट्याचं. पण चौथ्या दरवाजात फक्त एबीएस घेणारा बसलाय. हातगाडी लागत नाही, डोक्यावर पोतं. हेच पीपीवाल्याचं दुकान वसईच्या पुढे एकटं असतं तर ते २० किलो टेम्पोभर साठेपर्यंत जागा अडवून बसलं असतं, आणि शेवटी गटारात गेलं असतं. जाती जितक्या जास्त, तितके शेजारी जास्त लागतात.

पुनर्विकासात ‘प्रत्येकाला गाळा’ म्हणतात तेव्हा हे कुणी मोजत नाही. गाळा चौथ्या मजल्यावर आणि एबीएसवाला दुसऱ्या इमारतीत, एवढ्याने गणित मोडतं.

---

पागडी

बाप रे, मिठाचं पाणी माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

गिरणगाव

अर्थहीन, पहिलं कारण (कसबी माणसांचा साठा) गिरण्यांत दिसतं, पण आधी एक गैरसमज काढू. ‘मुंबईची हवा दमट म्हणून गिरण्या इथे आल्या’ हे शाळेतलं उत्तर अर्धवट आहे.

दमट हवेचा फायदा खरा आहे. सुती धागा कोरडा पडला की ठिसूळ होऊन तुटतो. विणकामाला ७५ ते ८० टक्के आर्द्रता लागते, कातायला त्याहून कमी चालते. पण कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली गिरणी उभारायला घेतली (ताडदेवला, चालू झाली १८५६ मध्ये) तेव्हा खेच होती ती बंदराची. यंत्रं आणि कोळसा इंग्लंडहून बोटीने येणार, पुढे सूतही चीनला बोटीने जाऊ लागलं, आणि निर्यातीसाठी आलेला कापूस आधीच इथे बाजारात पडलेला. हवा ही वरकड.

याचा पुरावा म्हणजे नागपूरची एम्प्रेस मिल. जमशेदजी टाटांनी ती १८७७ मध्ये कापसाच्या तोंडाशी काढली आणि कोरड्या हवेवर आर्द्रतेची यंत्रं बसवून मात केली. गिरणी उत्तम चालली. म्हणजे हवा विकत मिळते. तरी मुंबईतल्या गिरण्या उठून विदर्भात गेल्या नाहीत. १९१५ पासून खोपोलीची वीज मिळू लागल्यावर कोळशाचं कारणही ढिलं झालं. तरी गेल्या नाहीत. कारण तोवर परळ-लालबागमध्ये पट्ट्याचा, बॉबिनचा, सुट्या भागांचा बाजार आणि जॉबरच्या (कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या) ओळखीने भरती होणारी माणसं जमली होती. एका गिरणीचा भोंगा बंद झाला तर साचेवाला दुसरीच्या दारात उभा राहायचा, खोली बदलावी लागायची नाही.

१९८२ च्या संपानंतर काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे, पुन्हा उगाळत नाही. धाग्याच्या कामाची गोष्ट भिवंडी आणि इचलकरंजीची. तिथे माग आधीपासून होते. मुंबईच्या गिरणीत एका छताखाली असलेली खाती तिथे वेगवेगळ्या मालकांची आहेत: वार्पिंग (ताणा गुंडाळणं) एकाचं, सायझिंग (ताण्याला खळ लावणं) दुसऱ्याचं, माग तिसऱ्याचे, प्रोसेस चौथ्याची. माणसंही तशीच विभागलेली. जॉबर, कांडीवाला, वहिफणी (ताण्याचे धागे ओवणारा), घडीवाला, दिवाणजी.

घडणावळ यांच्या भट्टीसारखं गणित सायझिंगचं आहे. ताण्याला खळ लावणारं यंत्र मिनिटाला ५० मीटर चालतं असं धरू, दिवसात निव्वळ ८ तास. २४ हजार मीटर झाले. साधा माग मिनिटाला १४० फेक्यांनी (आडव्या धाग्यांनी), इंचाला ५६ फेके असलेलं कापड विणत असेल तर अडीच इंच सरकतो, तासाला ३.८ मीटर. चोवीस तास, ८५ टक्के कार्यक्षमता, ७८ मीटर. म्हणजे एक सायझिंग ३०० मागांना पुरतं.

आता मागवाल्याचा आकार बघा. वीजदराच्या सवलतीत २७ अश्वशक्तीच्या आतल्यांचा गट वेगळा आहे. मागाला एक अश्वशक्तीची मोटर धरली तर २४ माग आणि दिवे-पंखे त्यात बसतात. म्हणून २४ मागांचे मालक भरपूर, आणि असे डझनभर मालक एका सायझिंगभोवती.

खळ बिघडली की मात्र बाराही जणांचे माग एकदम तुटतुटीला लागतात. खळ कमी बसली तर धाग्याची लव उठते, जास्त वाळवला तर कडक होऊन फणीत तुटतो. अशा वेळी बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) परत पाठवायचा की सोसायचा, यावर इचलकरंजीत भांडणं कमी होत नसतील.

---

अर्थहीन

गिरणगाव, हेच लिहायचं होतं. धंदा एका जागी येण्याचं कारण आणि तिथेच राहण्याचं कारण ही दोन वेगळी असतात. पहिलं संपलं तरी दुसरं टिकतं.

आणि सगळेच धंदे जवळ येतात असंही नाही. साखर घ्या. १०० किलो उसातून १० ते ११ किलो साखर, बाकी बगॅस, मळी आणि पाणी. ऊस तोडल्यापासून साखर घटू लागते, म्हणून चोवीस तासांच्या आत गाळला तर बरा. त्यामुळे कारखाना उसाजवळ जातो आणि दुसरा कारखाना शेजारी आला तर दोघांनाही ऊस कमी पडतो. महाराष्ट्रात दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराचा नियम आहे तो यासाठीच. वजन घटवणारा आणि नासणारा कच्चा माल असेल तर धंदा पांगतो. सोन्यात वजन घटत नाही, नासत नाही, आणि काम मात्र दहा हातांतून जातं.

---

कलम २७

कसबी माणसांच्या साठ्याबद्दल कायद्याची एक बाजू. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. धंद्याची पत विकताना घातलेली वाजवी अट हा अपवाद. म्हणजे ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं शेजारी काम करणार नाही’ असं लिहून घेतलं तरी मालकाला ते सहसा बजावता येत नाही. (नोकरी चालू असतानाची बंधनं आणि गुपितं फोडणं हा वेगळा विषय.)

कॅलिफोर्नियातही अशीच तरतूद, तीही १८७२ चीच. दोन्हींचं मूळ न्यूयॉर्कसाठी तयार केलेल्या एकाच मसुद्यात आहे. सिलिकॉन व्हॅली वाढली आणि बोस्टनभोवतीचा रूट १२८ मागे पडला याचं एक कारण काही अभ्यासक इथे शोधतात: एकीकडे अभियंता रस्ता ओलांडून दुसऱ्या कंपनीत जाऊ शकत होता, दुसरीकडे त्याला करार आडवा येत होता.

झवेरी बाजारात कारागीर गेला की डिझाइनही जातं ही तक्रार त्यामुळे कायम राहणार. तीच दारं आहेत, ज्यांतून चांगला जडाईवाला आपल्याकडेही येतो.

---

पागडी

मग मुंबईतून काहीच हलत नाही म्हणायचं का? घाऊक बाजार वाशीला गेलाच की. हिरेवाले बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) गेले. आणि सुरतला एवढी इमारत बांधून लोक जाईनात. फरक कशाने पडला?

---

अर्थहीन

तीन वेगळ्या गोष्टी.

वाशी: कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळं, भाजी टप्प्याटप्प्याने गेलं. बाजार समितीच्या कायद्याने घाऊक व्यवहाराची जागाच बदलली. मागे राहून धंदा करण्याची सोय उरली नाही, म्हणून ‘आधी तू जा’ हा घोळ नव्हता. तरी वर्षानुवर्षं गेली.

बीकेसी: भारत डायमंड बोर्स ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालं. ऑपेरा हाउसच्या पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्समधले व्यापारी लगेच उठले नाहीत. पण नव्या संकुलात सीमाशुल्काचं कार्यालय, बँका, तिजोऱ्या सोबत गेल्या आणि १३ जुलै २०११ च्या बॉम्बस्फोटानंतर राहिलेल्यांनीही वेग घेतला. अंतरही बघा, त्याच शहरात, घर बदलायची गरज नाही.

सुरत: हिरे बाजाराच्या इमारतीचं १७ डिसेंबर २०२३ ला उद्घाटन झालं, साडेचार हजारांवर कार्यालयं. पैलू पाडणारे सुरतेतच आहेत, तरी विक्रीची कार्यालयं भराभर सरकली नाहीत. परदेशी खरेदीदार मुंबईत उतरतो आणि एका दिवसात वीस दारं बघतो. वीसच्या वीस दारं त्याच आठवड्यात सुरतेला गेली तर तो सुरतेला जाईल. एक-दोन गेली तर त्या दोघांचंच गिऱ्हाईक तुटतं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत थांबतो, आणि थांबणं शहाणपणाचंच असतं.

---

घडणावळ

यावरून मूळ प्रश्नाकडे. महापेला काय नेता येईल?

यंत्रावरच्या साखळ्या आणि सीएनसीवर कापलेल्या बांगड्या नेता येतील. साखळीचं यंत्र तारेचं रीळ घेऊन दिवसरात्र चालतं, नंतर डाक (झाळण) बसवायची आणि पॉलिश. बाहेरच्या खोल्या दोन-तीन, माल एकसारखा, लॉट किलोंत. अशा धंद्याला गल्ली फारशी लागत नाही.

जडाईचं, मिश्र डिझाइनचं, ‘परवा लग्न आहे’ छापाचं काम एकटं नेऊ नये. न्यायचंच तर घोळक्याने, आणि क्रम उलटा: आधी हॉलमार्क केंद्र, गलाई (सोनं शुद्ध करणारे), कास्टिंग, प्लेटिंग यांची दारं उघडू द्यावीत, मग कारखाने. भट्टीचा मघाचा आकडा धरला तर २४ कारखाने ही एका कास्टिंगवाल्याची किमान गरज. दोन कास्टिंगवाले हवेत, नाहीतर एकटा दर ठरवेल. म्हणजे ४८.

गलाईबद्दल जरा. जुनं सोनं शुद्ध करताना आधी त्यात तिप्पट चांदी किंवा तांबं मिसळावं लागतं, म्हणजे सोनं चौथा हिस्सा उरतं. मग नायट्रिक आम्लात उकळायचं. सोन्याचं प्रमाण जास्त ठेवलं तर आम्ल आत शिरत नाही आणि कस येत नाही. हे काम देशभरच्या सराफ बाजारांत सांगली जिल्ह्यातली विटा, खानापूर, आटपाडीकडची मंडळी करतात. एका भागातून एकच कसब बाहेर पडून गावोगावच्या गल्लीत एकेक खोली धरतं, हा क्लस्टरचा (एका जागी जमलेल्या धंद्यांचा) उलटा नमुना आहे, त्यावर वेगळा धागा व्हायला हवा.

काळबादेवीविरुद्धचा सगळ्यात खरा मुद्दा याच खोलीचा आहे. उकळताना निघणारा नारिंगी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. वर राहणाऱ्यांच्या घशात जातो. कॉस्टिकच्या पाण्यातून धूर धुऊन सोडणारा स्क्रबर बसवला तर बराच आटोक्यात येतो, पण पाण्याचा कस रोज तपासावा लागतो, आणि तिथेच कंटाळा होतो. उद्या सगळी गल्ली हलली तर ती भाड्यामुळे हलणार नाही, या धुरामुळे हलेल असा माझा अंदाज.

---

सव्वाशेर

एक खोली राहिली. झारेकरी.

---

पागडी

म्हणजे?

---

सव्वाशेर

सराफाच्या दुकानातला केर धुऊन सोनं काढणारा. कानशीचा बारीक चुरा पत्र्याच्या खणात पडतो तो मालक स्वतःच आटवतो. पण पॉलिशच्या चाकाची धूळ, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, फरशी पुसलेली फडकी, बसायची चटई, कारागिराचं जुनं ॲप्रन यांतही सोनं असतं. ते सगळं जाळून राख करायची, कुटायची, चाळायची, चुंबकाने लोखंड काढायचं, मग धुऊन किंवा सवागी-सोडा घालून आटवून सोनं वेगळं करायचं. सहा जणांच्या खोलीतून निघणारं सोनं थोडं, पण वर्षाच्या घटीत ते दिसतं. झारेकरी दोनशे खोल्यांतून राख गोळा करतो म्हणून त्याला परवडतं.

---

पागडी

मग महापेतल्या एकट्या कारखान्याने केर किती दिवस साठवायचा?

---

घडणावळ

पोतं भरेपर्यंत. आणि मग ते पोतं टॅक्सीत घालून काळबादेवीलाच आणायचं.